केमररचे दुकान

अमेरिकेच्या पन्नास राज्यांत सर्वांत कमी माणसे वायोमिंगमध्ये राहतात. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५३ हजार चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ५ लाख ७६ हजार ८५१. यलोस्टोनचे उष्ण झरे पाहण्यास जगभरचे प्रवासी तेथे जातात व परत फिरतात. स्त्रियांना मतदानाचा हक्क या मुलखाने १८६९ सालीच दिला. त्यांनी तेथे येऊन वसावे, हाही त्यामागील एक हेतू होता म्हणतात!

माझे लक्ष वेधले ते केमरर या कोळशाच्या खाणींच्या गावाने. जन्म कापड दुकानदाराच्या घरातला. डोंगरदऱ्यांपेक्षा दुकानाची हकीकत जवळची वाटायचीच. १४ एप्रिल १९०२ रोजी जेम्स कॅश पेनी याने दोन भागीदारांच्या साहाय्याने तेथे ‘गोल्डन रूल’ नावाचे कापडचोपडाचे दुकान उघडले. गावची वस्ती हजाराच्या आसपास. पेनी, पत्नी व तान्हे मूल दुकानाच्या माळ्यावर राहत. मालाची रिकामी खोकी हेच त्यांचे सामानसुमान. खाणकामगारांना कंपनीच्या दुकानातून उधारीवर माल घेण्याची सवय. अशा गावात पेनीने रोखीनेच विक्री करण्याचे ठरवले. पहिल्या दिवसाचा गल्ला ४६६ डॉलर ५९ सेंट झाला, पहिल्या वर्षाची विक्री २८ हजार डॉलरांवर गेली.

आमच्या वडिलांची रीत याच्या नेमकी उलट. दुष्काळी साली शेतकऱ्यांच्या लग्नघरचे कापड त्यांनी वहीवर लिहून दिले. ती वही अजून कपाटात आहे. तिच्यातील कित्येक खाती कधीच फिटली नाहीत, पण त्या घरांतली नातवंडे आजही आमच्याच ओट्यावर बस्ता बांधतात. मुलगा म्हणतो, “बाबा, आता उधारी बंद करू या.” हिशेबाने त्याचे खरे आहे, आणि पेनीही त्याच्याच बाजूने बोलला असता.

मला मात्र पेनीची दुसरी रीत अधिक मोलाची वाटते. दुकान सांभाळणाऱ्याने पैसा साठवला व आपल्या हाताखाली नवा माणूस तयार केला, की पुढच्या दुकानात त्याला एक तृतीयांश भागी मिळे. गिऱ्हाइकाला उधार न देणारा हा व्यापारी नोकरावर एवढा भरवसा टाकत होता. एकामागून एक दुकाने उभी राहिली ती त्यामुळे. १९१३ साली ‘जे. सी. पेनी कंपनी’ रीतसर स्थापन झाली.

आमच्या दुकानात बावीस वर्षे गज हाती धरलेला एक माणूस आहे. उधारीचे मुलाने ठरवावे. त्या माणसाच्या भागीचा विषय दिवाळीच्या वहीपूजनाआधी मीच घरात काढणार आहे.