बंदर कोणते निवडावे?

भंडारा शहराजवळून वाहणारी वैनगंगा पुढे पवनीकडे, गोसेखुर्दच्या धरणाकडे जाते. वर्धेला मिळाल्यावर ती प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विसावते आणि हे सारे पाणी अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तरी सरळ रेषेत विशाखापट्टणम भंडाऱ्यापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर आणि मुंबई साडेसातशेच्या आसपास भरते. तरीही भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याला समुद्र म्हटला की मुंबईच आठवते. नदीने पूर्वेची वाट धरली. माल, उधारी, सोयरीक आणि वरठीच्या स्टेशनावरची गाडी यांनी पश्चिमेची.

शहरातील एका भांड्यांच्या व्यापारी कुटुंबात गेल्या वर्षी जहाजाच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा ही नदीची आणि रेल्वेची ओढाताण घरातच दिसू लागली. दोन भाऊ, त्यांच्या पत्नी, तीन मुले आणि शहात्तर वर्षांच्या दादी अशी आठ माणसे. सहलीला कारण दादीच होत्या. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. धाकट्या नातवाने सिंगापूर सुचवले, थोरल्या मुलाने मुंबई, आणि पूर्वी माल आणायला आंध्रात जाणाऱ्या धाकट्याने विशाखापट्टणम. दादी मात्र म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते." चाळीस वर्षांपासून त्यांचा चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. कंदमूळ घरात येत नाही. चातुर्मासात गाव सोडायचे नाही, हाही नियम. जहाजावर हे कसे निभावणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो कुणावर लादायचा नव्हता म्हणून त्यांनी घर सांभाळण्याचे निमित्त पुढे केले. प्रवासाचे बंदर कोणते, हा प्रश्न त्या घरात दादी येणार की नाही, असा होऊन बसला.

सहलीच्या जाहिरातीत जहाजाचे छायाचित्र मोठे असते आणि बंदराचे नाव बारीक अक्षरात. व्यवहारात क्रम उलटा लावावा. जहाजाचे भाडे हा खर्चाचा एक भाग आहे. घरापासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून घरापर्यंत लागणारा पैसा, वेळ आणि धाकधूक बंदर ठरवते. त्या भाड्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी पुष्कळदा वेगळी असते. म्हणून तुलना करायची तर उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतच्या रकमेची करावी.

विशाखापट्टणमचा विचार आधी संपला, आणि तो भाड्यामुळे नव्हे. तेथे सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले आहे. गोंदियाला समता एक्सप्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता तेथे उतरता येते. परंतु भारतातून सुटणारे कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज ऋतूप्रमाणे किनारा बदलते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा उसळलेला असतो, त्या महिन्यांत ते चेन्नई-विशाखापट्टणमकडे वळते; अरबी समुद्र शांत झाला की मुंबईला परत येते. म्हणजे पूर्वेचा हंगाम नेमका आषाढ ते आश्विन, नेमका चातुर्मास, पर्युषण त्यातच. दादींसाठी तो किनारा आपोआप मिटला. उलट कार्तिकी पौर्णिमेनंतर नियम सुटतो, तेव्हा मुंबईचा समुद्र निवांत असतो. ऋतूचा आणि व्रताचा असा मेळ बसेल, हे घरात कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

दुकानाचाही हंगाम होता. धनत्रयोदशीला भांड्याच्या दुकानातून कुणी हलू शकत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की ती थांबते. संक्रांतीपर्यंतचा हा महिना खरा मोकळा. नाताळ आणि नववर्षाचे भाडे चढे असते, म्हणून जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावरची तारीख पाहायची ठरली. पोष दशमीचा दादींचा अठ्ठमही तोवर होऊन जाणार होता.

सिंगापूर मात्र इतक्या सहज हटणारे नव्हते, कारण नातवाने एक अनपेक्षित मुद्दा मांडला. विषुववृत्ताजवळ असल्याने आणि घड्याळ पुढे ठेवलेले असल्याने सिंगापुरात बाराही महिने सूर्य सायंकाळी सातच्या सुमारास मावळतो. जानेवारीत मुंबईला सूर्यास्त सहा वाजून काही मिनिटांनी, भंडाऱ्याला त्याहूनही सुमारे अर्धा तास आधी. जहाजावरचे सायंकाळचे जेवण जर सहाला लागत असेल, तर चौविहार मुंबईपेक्षा सिंगापुरात सोपा! मुलगा हुशार खरा. शिवाय तेथून सुटणाऱ्या काही जहाजांवर जैन आहाराची सोय जाहीर केलेली असते.

तरीही हिशेब जुळेना. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. मध्ये एका विमानतळावर रात्र काढावी लागणार. पूर्वेकडे उडताना दिवस लवकर संपतो, त्या प्रवासात सूर्यास्त नेमका कोठे होणार हे सांगणे कठीण. पासपोर्टची मुदत, व्हिसा, आणि जहाज मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापुरात येते म्हणून त्या देशात प्रवेश दोनदा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. विवरणपत्रात तो करापोटी जमेस धरता येतो हे खरे, पण तोवर व्यापाऱ्याची रक्कम अडकून राहते, आणि आठ माणसांची रक्कम लहान नसते. या सर्वांहून मोठी गोष्ट अशी की, विमान चुकले तर जहाज थांबत नाही. धक्क्यावरून सुटलेल्या जहाजाचे भाडे सहसा परत मिळत नाही, आणि पुढच्या बंदरात जाऊन ते गाठणे वयस्कर माणसाला जमणारे नाही.

समुद्रप्रवास आपल्यात नाही, असे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी सुनावून पाहिले. त्यांना उत्तर सापडायला फार दूर जावे लागले नाही. आयंबिल ओळीत दरवर्षी ऐकल्या जाणाऱ्या श्रीपाल-मयणेच्या कथेत धवल शेठची जहाजे भरुचच्या बंदरातूनच निघतात. मुंबईच्या भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधणारे मोतीशा शेठ स्वतः जहाजांचे मालक होते आणि त्यांचा व्यापार चीनपर्यंत पोहोचला होता. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी मुंबईहूनच बोटीने निघाले. शाकाहार सांभाळून गेले, आणि परत आल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांना समाजातल्या काहींचा रोष सहन करावा लागला. सव्वाशे वर्षांनंतर तोच प्रश्न भंडाऱ्याच्या एका ओसरीवर विचारला जावा, याचे दादींनाच हसू आले.

मुंबई ठरली. विदर्भ एक्सप्रेस दुपारनंतर भंडारा रोडला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तेथून बॅलार्ड पियर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. तेथील नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. देशातल्या देशात फिरायचे असल्याने ओळखपत्रावर भागले. गाडी सकाळी पोहोचते आणि जहाज सायंकाळच्या सुमारास सुटते, तेव्हा त्याच दिवशी जाता येईल, असा धाकट्याचा आग्रह होता. थोरल्याने तो मानला नाही. गाडीला पाच-सहा तास उशीर होणे काही अपूर्व नाही. एक दिवस आधी निघून पायधुनीच्या बाजूला धर्मशाळेत मुक्काम, १८१२ च्या गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन, आणि दुसऱ्या दिवशी भरपेट जेवून धक्क्यावर जायचे, असे ठरले. हा जास्तीचा दिवस खर्चाच्या बाजूला लिहिला जातो हे खरे, पण विम्याचा हप्ताही तेथेच लिहितात.

तारीख पक्की करण्याआधी थोरल्याने एकच गोष्ट लेखी मागून घेतली: दादींचे जैन जेवण साडेपाचपूर्वी मिळेल आणि उकळलेले पाणी खोलीत पोहोचेल. तोंडी होकार त्याला पुरेसा वाटला नाही. प्रवासाच्या दिवशी ती काळजी उपयोगी पडली, कारण सामानाची तपासणी, कागदपत्रे आणि सुटण्यापूर्वीची सुरक्षा कवायत यांत दुपार कशी गेली कळले नाही. गाडीतही तसेच झाले होते. नागपूर सुटता सुटता घाईने डबा उघडावा लागला होता.

पहिल्या सायंकाळी डेकवर उभ्या दादींना सूर्य समुद्रात बुडताना दिसला नाही. बॅलार्ड पियर मुंबईच्या पूर्वेच्या कडेला आहे; सूर्य शहराच्या इमारतींमागे गेला. दादींनी पर्समधला सूर्यास्ताचा तक्ता काढून घड्याळाशी पडताळला आणि पच्चक्खाण घेतले. गोव्याहून परतीच्या संध्याकाळी मात्र पश्चिमेला काहीच आड नव्हते. पाचला जेवण झाले होते, पाण्याचा शेवटचा पेला संपला होता. तांबडा गोळा पाण्याला टेकला, अर्धा झाला, मग कडाही दिसेनाशी झाली. नातवाने घड्याळ पाहून वेळ सांगितली. दादींनी तक्ता उघडला नाही.