वगळलेला ड्रायव्हर

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. सकाळी शाळेला निघायच्या गडबडीत आपाचा फोन आला. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. लग्न होऊन ती कॅलिफोर्नियाला गेली, त्याला आता बावीस वर्षे झाली. दुल्हेभाई तिथे नोकरी करतात, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात शिकतो.

सलाम-दुआ झाल्याबरोबर तिने विचारले, "तू दोन दोन भाषा शिकवतोस ना, मग 'एक्सक्लूड' म्हणजे नेमके काय ते मला सांग."

मी म्हणालो, "मराठीत वगळणे. उर्दूत मुस्तस्ना म्हणता येईल. पण मुस्तस्नामध्ये सूट मिळाल्याचाही अर्थ आहे."

"मग वगळणेच बरोबर," ती म्हणाली. "इथे सूटबिट काही नाही. कागदावर माझ्या मुलाचे नाव लिहून खाली सही करायची आहे."

कागद गाडीच्या विम्याचा होता. तिकडे विमा घेताना घरात राहणाऱ्या, गाडी चालवू शकणाऱ्या सगळ्यांची नावे कंपनीला द्यावी लागतात. घरातल्या कोणाच्याही हाती किल्ली जाऊ शकते, हे कंपनी धरूनच चालते. कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदान करून एक कायदा केला. त्यानुसार हप्ता ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी बघाव्या लागतात: गाडी चालवण्याची नोंद कशी आहे, वर्षाला किती मैल गाडी चालते आणि चालवण्याचा अनुभव किती वर्षांचा. माझ्या भाच्याचा अनुभव तीन वर्षांचा आणि नोंद वाईट. दीड वर्षात एक धडक, चूक त्याचीच. त्यावर वेगाचा दंड. कंपनीने कळवले की मुलाचे नाव पॉलिसीतून वगळा, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही विमा देणार नाही.

वगळायचे म्हणजे त्याने घरची गाडी चालवताना अपघात केला, तर कंपनी काही देणार नाही. समोरच्याची गाडी, दवाखाना, कोर्ट, सगळे आपल्या डोक्यावर. तिकडे कायद्याने किमान विमा ठरलेला आहे. २०२५ पासून तो वाढला. एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, एका अपघातामागे सगळ्या जखमींचे मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीचे १५ हजार. वगळलेला माणूस चालवत असेल तर हा किमान आधारही नाही. आणि मुलाची सवय माहीत असूनही बापाने किल्ली दिली असे कोर्टात ठरले, तर प्रकरण राहत्या घरापर्यंत जाऊ शकते.

आपाने एजंटला विचारले होते, "रात्री यांच्या छातीत दुखायला लागले, आणि मुलाशिवाय कोणी नसेल तर?" तो म्हणाला, "अँब्युलन्स बोलवा. गाडीची किल्ली देऊ नका."

मला ते ऐकून राग आला. बाहेरच्या कंपनीने येऊन आईला सांगायचे, तुझ्या मुलाचे नाव खोड! मी आपाला म्हणालोसुद्धा, "आपल्याकडे असले काही नाही बघ." आणि ते खरेही आहे. आपली नेहमीची पॉलिसी गाडीची असते. घरात कोण कोण राहते हे कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे आणि ज्याला कायद्याने गाडी चालवायला मनाई झालेली नाही, तो मालकाच्या संमतीने ती चालवू शकतो. लायसन्सच नसेल तर कंपनी हात वर करू शकते, ते वेगळे. पण नाव घेऊन "हा मुलगा नको" असे काही आपल्या कागदावर नसते.

फोन ठेवला आणि दाराकडे गेलो. खुंटीला गाडीची किल्ली नव्हती. ती माझ्या ऑफिस बॅगेत होती. सात महिन्यांपासून.

माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षे नोकरी झाली. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून कपाटात रुमालात बांधून ठेवला आहे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, ती बदलून पुढे ही लाल अल्टो. आता वय शहात्तर. डोळ्यांत काचबिंदू आहे. या रोगाची वाईट गोष्ट अशी की समोरचे बराच काळ नीट दिसते, कडेचे हळूहळू जाते, आणि माणसाला ते कळतही नाही. वर्तमानपत्र वाचता येते म्हणून अब्बा म्हणायचे, नजर ठीक आहे.

सात महिन्यांपूर्वी जुम्म्याच्या नमाजाहून येताना, डाव्या बाजूने सायकलवर येणारी एक शाळकरी मुलगी त्यांना दिसलीच नाही. आरसा तिच्या हँडलला लागला. कोपर खरचटले, सायकल वाकली, एवढ्यावर निभावले. अल्लाहची मेहरबानी. मुलीच्या वडिलांनी समजून घेतले. पण अब्बा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "ती अचानक आली." ती अचानक आली नव्हती. ती तिथेच होती.

लायसन्स? वैध. पंचावन्न वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, त्यांचे अजून दोन वर्षे चालणार होते. विमा? चालू. म्हणजे कागदावर सगळे बरोबर होते. कंपनीने अडवले नसते, आरटीओनेही नाही. अडवायचे होते ते मीच.

आणि मी काय केले? रात्री बोनेट उघडून बॅटरीची वायर सैल करून ठेवली. सकाळी गाडी सुरू झाली नाही तेव्हा म्हणालो, "बॅटरी गेली वाटते." मग मेकॅनिक गावाला गेला. मग पार्ट मिळेना. मग पावसाळा आला. किल्ली बॅगेत. घरातल्या सगळ्यांना माहीत होते. बायको, मुले, सगळी माझ्या खोट्यात सामील. नातू आजोबांना सांगायचा, "दादा, गाडी बिघडलीय ना."

शाळेत एखाद्या मुलाचे नाव पटावरून कमी करायचे झाले तर आम्ही आधी पालकांना कळवतो, सही घेतो. मी माझ्या बापाचे नाव न कळवता कमी केले होते. त्याला मी अदब म्हणत होतो. त्यांचे मन दुखवायचे नाही म्हणे.

चार दिवसांनी आपाचा पुन्हा फोन आला. सह्या झाल्या होत्या. दुल्हेभाईंनी मुलाला समोर बसवून पूर्ण कागद वाचून दाखवला होता. तो आधी चिडला, उठून गेला. रात्री परत आला आणि विचारले, "हे कायमचे आहे का?" दुल्हेभाई म्हणाले, "नाही. अशा नोंदी साधारण तीन वर्षे राहतात. तोवर नीट वाग, मग पुन्हा अर्ज करू." मुलाने आपल्याकडची किल्ली स्वतः काढून टेबलावर ठेवली. आता बसने कॉलेजला जातो.

आपा रडत होती, पण तिच्या घरात आता खोटे काही नव्हते. कागद निर्दय होता, पण त्यात मुलाचे नाव स्पष्ट लिहिले होते, कारण सांगितले होते, आणि परतीची वाटही होती. अब्बांना मी यातले काहीच दिले नव्हते. खरे तर परतीची वाट त्यांना देता येण्यासारखीही नव्हती. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणूनच बोलायला जीभ उचलत नव्हती.

त्या दिवशी असरनंतर अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी बसलो, बॅगेतून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हणालो, "अब्बा, गाडी बिघडलेली नाही. बॅटरीची वायर मी काढली होती."

ते म्हणाले, "माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात बोनेट उघडून बघितले होते. चौतीस वर्षे एसटी चालवली, सैल केलेली वायर मला ओळखू येत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू खोटे बोलत होतास. नातवंडांसमोर तुला खोटे कशाला पाडायचे?"

मला काही सुचेना. थोड्या वेळाने तेच आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "सीधा बोलना था ना बेटा, के अब्बा, तुमे गाडी नको चलाओ." मग बराच वेळ किल्ली हातात फिरवत बसले. म्हणाले, "त्या मुलीचे कोपर मला अजून दिसते. सायकल दिसली नव्हती, कोपर दिसते."

शेवटी त्यांनीच सांगितले, गाडी तुझ्या नावावर करून घे. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० आणले. अब्बांनी चष्मा पुसून दोन्ही वाचले आणि सह्या केल्या. विमा कंपनीला चौदा दिवसांच्या आत कळवायचे होते, तेही केले. तिथे एजंटने सांगितले की अब्बांचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस मला मिळणार नाही, मुलगा असलो तरी. मला फरक भरावा लागेल. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो.

घरी येऊन हे सांगितले तर अब्बा हसले. म्हणाले, "चला, एवढे तरी माझ्या नावावर राहिले."

आता जुम्म्याला मी गाडी काढतो. ते डाव्या बाजूला बसतात. किल्ली खुंटीला असते.