भिंगाची किंमत

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशनला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो भिंग निवडण्यात. काउन्सेलरने दरपत्रकच पुढे ठेवलं: भारतीय, परदेशी, मोनोफोकल, मल्टिफोकल. लेक म्हणाली, "बाबा, महागातलं घ्या ना!" मी साधं भारतीय मोनोफोकल घेतलं. मदुराईत १९९२ साली ऑरोलॅब सुरू झाली, भिंगं देशातच बनू लागली, म्हणून ती पेन्शनरच्या आवाक्यात आली. वाचायला चष्मा लागतो, लागू दे. लांबून येणाऱ्या बसची पाटी आता स्वच्छ दिसते. पांढरा सदरा उजव्या डोळ्याला पांढराशुभ्र, डाव्याला अजून पिवळट. इतकी वर्षं जग पिवळं होत गेलं आणि पत्ताही लागला नाही! मात्र छताची जळमटंही दिसू लागलीत. रंगाऱ्याचा खर्च वेगळा.