चाकातली फीत

१
जळगाव, अजिंठा चौफुलीजवळचं गॅरेज. पांढरी कार, बोनेट बंद. मिस्त्री चालकाच्या जागेवर बसून चाक सावकाश डावीकडे फिरवतो आणि अंगठ्याने आवाजाचं बटण दाबत राहतो. अर्ध्या फेऱ्यापर्यंत गाणं मोठं होत जातं, मग बटण मुकं. चाक परत उजवीकडे आणलं की बटण चालू. अजून एकाही हत्याराला हात लागलेला नाही.
“फीत गेली, भो.”

२
चाक फिरतं, बाकीची गाडी जागेवर असते. फिरत्या चाकापर्यंत वीज न्यायची कशी? चाकामागे प्लास्टिकची एक चपटी, गोल डबी असते. आत लांब, पातळ फीत सैल गुंडाळलेली, फितीत तांब्याच्या पट्ट्या. चाक एका बाजूला वळवलं की गुंडाळी आवळते, दुसऱ्या बाजूला वळवलं की सैलावते. सुट्या भागांच्या दुकानात कुणी क्लॉक स्प्रिंग म्हणून मागतं, कुणी स्पायरल केबल म्हणून.

३
जुन्या जीपला, अँबेसेडरला चाकातून एका हॉर्नची वायर लागायची. एक पितळी कडी आणि तिच्यावर घासत राहणारा संपर्क, एवढ्यावर भागायचं. हॉर्नचा संपर्क खड्ड्यात क्षणभर सुटला तर बिघडत नाही. एअरबॅगचा सुटून चालत नाही, म्हणून फीत.
आता त्याच फितीतून आवाज, गाणी पुढे-मागे, फोन, क्रूझ कंट्रोल, हॉर्न आणि एअरबॅग.

४
१ जुलै २०१९ पासून नव्या कारला चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे ज्या स्वस्त मॉडेलच्या चाकावर गाण्याचं एकही बटण नाही, त्यातही फीत आहेच.

५
एप्रिल २०१४. टोयोटाने भारतात जवळजवळ ४५ हजार इनोव्हा परत बोलावल्या. २००५ ते २००८ या काळात बनलेल्या. कारण हीच स्पायरल केबल: चाक वळवताना ती खराब होऊन एअरबॅगचा संपर्क तुटू शकत होता.
त्या वर्षांतल्या इनोव्हा खान्देशात अजून लग्नाची वऱ्हाडं वाहतात. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे. पहिल्या मालकाला कंपनीचं पत्र गेलं असेल. चौथ्या मालकाने चासी नंबर देऊन विचारलं पाहिजे. विचारायला पैसे पडत नाहीत.

६
धुळं, पारोळा रोड. मिस्त्रीचा पहिला प्रश्न गाण्याबद्दल नसतो.
“आबा, हॉर्न वाजस का?”
“वाजस ना. पन कव्हय कव्हय.”
“आनि एअरबॅगनी लाइट?”
आबा गप्प. लाइट महिनाभरापासून लागलेली आहे. आबा गाडी घेऊन आले ते गाणं बदलत नाही म्हणून.

७
याच दोन प्रश्नांवर सगळं ठरतं. नुसती बटणं मेली आणि हॉर्न ठणठणीत, तर शोध बटणाच्या पट्टीपासून किंवा स्टिरिओपासून सुरू करायचा. बटणं, हॉर्न आणि एअरबॅगची लाइट असं तिन्ही एकदम बिघडलं, तर फितीवर पहिला संशय. नुसता हॉर्न गेला, तर आधी फ्यूज, रिले आणि हॉर्नचा भोंगा. बटणांच्या मागचा उजेडही गेला असेल, तर अर्थिंग बघायचं.
काही न उघडता, दहा मिनिटांत एवढं समजतं. तरी कितीतरी ठिकाणी काम थेट चाक खोलण्यापासून सुरू होतं. असं काम बघवत नाही.

८
चाक उघडलं की मालकाचा धंदा कळतो.
रावेर-सावद्याची गाडी: बटणांच्या फटीत केळीचा चीक, काळा आणि चिकट. जळगावच्या डाळमिलवाल्याची: बारीक पिवळा भुसा. जिनिंगवाल्याची: रुईचे तंतू, बटणाखाली गादीसारखे दबलेले. दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याची उघडताना मिस्त्री आधी नाकाला रुमाल बांधतो, मिरचीमुळे.

९
बटणाखाली रबराचा घुमट आणि त्याच्या पोटाला काळा कार्बनचा ठिपका. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच प्रकार. ठिपक्यावर मळ बसला की बटण जोरात दाबावं लागतं. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, दोन मिनिटं. पेट्रोलने पुसणारे भेटतात. पेट्रोलने रबर फुगतं.

१०
२०२० साली लोकांनी चाकावर सॅनिटायझरचे फवारे मारले. हात वाचवायला मारले, त्यात चूक काही नव्हती. त्या साली धावलेल्या टॅक्सींच्या बटणांवरची चिन्हं आज पुसट दिसतात.

११
आवाज वाढवायचं बटण दाबलं की गाणं बदलतं. गिऱ्हाईक म्हणतं, स्टिरिओला वेड लागलं.
स्टिरिओ शहाणा आहे. बऱ्याच गाड्यांत सगळ्या बटणांना मिळून एकच वायर असते. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर. स्टिरिओ त्या वायरीवर ठरलेला व्होल्टेज सोडतो, बहुधा ५ व्होल्ट, आणि बटण दाबल्यावर तो कितीवर उतरला ते वाचतो. अमुक व्होल्टेज म्हणजे आवाज, तमुक म्हणजे पुढचं गाणं. संपर्कावर गंज चढला की त्याचा अडथळा मूळ रेझिस्टरमध्ये मिळवला जातो, आणि स्टिरिओला शेजारच्या बटणाचा आकडा दिसतो.
म्हणून मल्टिमीटर. स्टिरिओच्या मागचा कपलर काढायचा, बटणांची वायर आणि अर्थ यांच्यात ओहम मोजायचे, एकेक बटण दाबून आकडे वहीत लिहायचे. मग चाक थोडं वळवून तेच पुन्हा. बटणाच्या पट्टीवर आकडे स्थिर आणि स्टिरिओकडे नाचरे, म्हणजे दोष मधल्या वाटेवर. ही वही ठेवणारा मिस्त्री पाहिला की मला विश्वास वाटतो.

१२
पिवळा कपलर दिसला की मल्टिमीटर खाली ठेवायचा. पिवळं म्हणजे एअरबॅग. ओहम मोजताना मीटर स्वतः थोडा प्रवाह सोडतो, आणि एअरबॅगचा स्फोटक प्रवाहानेच पेटतो.
आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. मग थांबायचं, त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढी मिनिटं, कारण एअरबॅगच्या पेटीत कपॅसिटर असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहतो. काढलेली एअरबॅग ठेवायची ती नक्षीचा भाग वर करून. पालथी ठेवली आणि उडाली, तर ती छतापर्यंत जाते.
एअरबॅग फुगायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. चूक कळायला तेवढाही वेळ मिळत नाही.

१३
थांबण्याच्या त्या मिनिटांत एका मिस्त्रीने चहा मागवला. पोराने विचारलं, उस्ताद, काम का थांबलं? उस्ताद म्हणाले, हेच काम चालू आहे.

१४
एरंडोलच्या स्टँडबाहेर एक काळी-पिवळी. डॅशबोर्डवर घरच्या बेलचं पांढरं बटण स्क्रूने बसवलेलं. दाबलं की हॉर्न वाजतो. जीपला एअरबॅग नाही, चाकात दुसरं काही नाही. ही दुरुस्ती योग्य आहे.

१५
तेच बेलचं बटण एका अलीकडच्या कारमध्ये. हॉर्न वाजला, गिऱ्हाईक खूश, पैसे कमी. फीत तुटलेली तशीच आत, एअरबॅग तशीच मुकी. ही दुरुस्ती नाही.

१६
इग्निशन चालू केलं की एअरबॅगची लाइट काही सेकंद लागते आणि विझते. विझली नाही तर बिघाड. मुळात लागलीच नाही तर बहुधा कुणीतरी तिचा बंदोबस्त केला आहे: बल्ब काढला किंवा पट्टी चिकटवली. जुनी गाडी घेताना लोक टायर पाहतात, इंजिनचा धूर पाहतात, रंगाची जाडी बोटाने वाजवून पाहतात. या काही सेकंदांकडे कुणी बघत नाही. कृपा करून बघा.

१७
मे महिना. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास. अमेरिकेत ॲरिझोनाच्या टेंपी शहरात कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या होत्या. अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश, चाक ५३, सीट ५१. ते शहर आपल्यासारखंच तापतं.
प्लास्टिक रोज असं तापतं आणि रात्री निवतं. काही वर्षांनी ठिसूळ होतं. बाजार समितीच्या आवारात दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी आणि पोर्चमधली गाडी, दोघींचं वय कागदावर सारखं असतं.

१८
जळगाव ते धुळं साधारण नव्वद किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या वर्षांत या रस्त्याने रोज ये-जा केलेल्या गाड्यांच्या डब्यांतून अजून धूळ निघते. फितीची डबी बंद असते, पण धूळ आत शिरायला जागा शोधते. चाक वळवताना कागद चुरगाळल्यासारखी खसखस ऐकू आली, तर गाणी नीट बदलत असली तरी दाखवून घ्यावं.

१९
फोनचं बटण मेलं की हात फोनकडे जातो. हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. फोन नंतर घेता येतो. पण लेक बाळंतपणाला दवाखान्यात आहे आणि बाप पारोळ्याहून निघाला आहे, त्याला ‘नंतर घ्या’ सांगणं सोपं नाही. म्हणून ते बटण चालू असायला हवं.

२०
उंदीर. पावसाळ्यात गोदामाजवळ उभ्या केलेल्या गाडीत हमखास. बटणं गेली, फीत बदलली, तरी बटणं गेलेलीच. शेवटी डॅशबोर्डखाली अर्थची वायर कुरतडलेली सापडली. जुनी फीत धडधाकट होती. गिऱ्हाईकाचे हजारो रुपये गेले आणि वायर जोडायला काही लागलं नाही.

२१
नवा अँड्रॉइड सेट बसवला की चाकावरची बटणं त्याला शिकवावी लागतात. सेटच्या मागे की-१ आणि की-२ अशा दोन वायरी. त्या जोडायच्या, पडद्यावर ‘आवाज वाढवा’ निवडायचं, चाकावरचं बटण दाबून धरायचं. सेट आकडा लक्षात ठेवतो. इंजिन बंद ठेवून शिकवलं आणि इंजिन चालू झाल्यावर आकडा हलला, तर सेट गोंधळतो. दोन्ही वेळा तपासावं.
एका दुकानातलं पोर हे बघता बघता करतं. शाळा त्याने नववीत सोडली.

२२
बऱ्याच नव्या गाड्यांत ही युक्ती चालत नाही. चाकातच छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, ती बटणं वाचते आणि एका वायरीवरून निरोप पाठवते. पुढे तो निरोप कॅन-बसवर जातो. कॅन-बस बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. बॅटरी काढून त्या दोन वायरींत मोजलं की ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक सुटलंय.
टेस्ट लॅम्प घेऊन या वायरींना टोचू नये. टेस्ट लॅम्पवर ज्यांचं आयुष्य गेलं ते उत्तम कारागीर आहेत. त्यांना हे कुणी बसून शिकवलेलं नाही. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, तो पोरांसाठी. पन्नाशीच्या मिस्त्रीसाठी आठ दिवसांचा संध्याकाळचा वर्ग जळगावात आणि धुळ्यात हवा. मराठीत हवा.

२३
२००४ मध्ये सित्रोएनने सी-४ गाडी आणली. तिच्या चाकाचा मधला भाग फिरतच नसे. बटणं, हॉर्न, एअरबॅग जागेवर, फक्त बाहेरचं कडं फिरायचं. पुढच्या पिढीत कंपनीने ते सोडून दिलं.

२४
“काहीच बदललं नाही, मग पैसे कशाचे?”
हा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांत ऐकला. याच प्रश्नामुळे मिस्त्री गरज नसलेला भाग बदलतात. तपासणीची मजुरी वेगळी द्यावी आणि आधी ठरवावी.

२५
भंगारातून आणलेली फीत स्वस्त पडते. पण ती मधोमध आहे की नाही हे तिच्याकडे बघून कळत नाही. मऊ हाताने एका टोकापर्यंत फिरवायची, जोर लावायचा नाही. मग दुसऱ्या टोकापर्यंत, फेरे मोजत. त्याच्या निम्मे परत. पुढची चाकं सरळ असतानाच बसवायची, आणि चाक काढण्याआधी दांड्यावर खूण केलेली असावी. फीत एकीकडे कललेली बसली, तर बटणं, हॉर्न, लाइट सगळं लगेच ठीक चालतं. पहिल्यांदा गाडी पूर्ण वळवावी लागली की फीत तुटते.
नव्या भागावर तिला मधोमध धरून ठेवणारी पिन किंवा पट्टी असते. ती चाक बसवायच्या वेळीच काढायची. काही जण दुकानातच काढून बघतात.