चिंचेचं झाड

लॉकडाऊनमध्ये ह्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान पाच महिने बंद होतं. उघडलं तेव्हा शाळाच सुरू नव्हत्या, मग वह्या घेणार कोण? त्यात १३ ऑक्टोबर २०२० ची ती संध्याकाळ आली. हैदराबादच्या लोकांना ती तारीख सांगावी लागत नाही. बेगमपेठच्या वेधशाळेत एका दिवसात जवळपास १९ सेंटीमीटर पावसाची नोंद झाली. आमचं घर सरूरनगरच्या बाजूला, तळमजल्यावर. रात्री दहाच्या सुमारास न्हाणीघराच्या मोरीतून पाणी उलटं वर येऊ लागलं. मी फडकं घेऊन पुसायला बसले, काय हसावं की रडावं! अर्ध्या तासात पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि आम्ही जिन्याकडे धावलो.

पाणी ओसरायला तीन दिवस लागले. गाद्या गेल्या, फ्रिज गेला, दुकानात जागा नाही म्हणून पलंगाखाली ठेवलेले वह्यांचे गठ्ठे फुगून लगदा झाले. ते सगळं एक वेळ चाललं असतं. पण पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या आईची वही होती. उदगीरला पाठशाळेत ती मुलींना शिकवायची, त्यासाठी तिनं स्वतःच्या हातानं उतरवून घेतलेली स्तवनं त्यात होती. शाई सगळी वाहून गेली. पानं होती, अक्षर नव्हतं.

त्याच आठवड्यात एका नातेवाईक बाईंचा फोन आला. "अगं, जीव वाचला ना? लोकांचे तर जीव गेले. देवाचे आभार मान." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला असा संताप आला की मी फोन ठेवूनच दिला. पुढच्या क्षमावाणीला त्यांची क्षमा मागितली, ते वेगळं. संताप मात्र चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. दुसरे बुडाले म्हणून मी आनंद मानायचा, ही कसली कृतज्ञता?

हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. मग एकदा अफजलगंजच्या वाचनालयात काम होतं. परत येताना रिक्षाची वाट बघत उभी असताना उस्मानिया दवाखान्याच्या आवारातली ती जुनी चिंच आठवली आणि पाय आपोआप तिकडे वळले.

आमच्या आजेसासूबाई तिची गोष्ट सांगायच्या. १९०८ च्या २८ सप्टेंबरला मुसीला पूर आला. त्याला जुनी माणसं 'तुघ्यानी' म्हणत. नदीचे पूल वाहून गेले, अफजलगंजसकट काठचे मोहल्ले पाण्याखाली गेले, सुमारे १५ हजार माणसं गेली असं सांगतात. आणि या एका चिंचेवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली. कोण कुठल्या जातीधर्माचा, हे त्या फांद्यांवर कुणी विचारलं नसेल. आजही दरवर्षी त्या दिवशी शहरातली काही मंडळी झाडाखाली जमतात.

झाड म्हातारं आहे. खोडाला हात लावून उभी राहिले आणि प्रथमच मनात आलं, की वर बसलेल्यांना खाली काय दिसत असेल? कुणाचं तरी मूल वाहत जाताना, कुणाची तरी बायको. 'आपण वाचलो' याचा आनंद त्यांना झाला असेल? त्याच पुरात अमजद हैदराबादी या उर्दू शायराची आई, बायको आणि मुलगी गेली. तो एकटा राहिला. 'निदान तू तरी वाचलास' असं त्याला सांगायची हिंमत कुणाची झाली असती? पण झाडाचा विचार मात्र वाचलेल्या प्रत्येकानं केला असणार. नशिबाचे आभार मानता येवोत न येवोत, फांदीचे मानता येतात. लहानपणी तत्त्वार्थसूत्रातलं जीवांच्या परस्पर उपकाराचं सूत्र मी नुसतंच घोकलं होतं. ते त्या दिवशी जरा कळल्यासारखं वाटलं.

(पुरानंतर निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. उस्मानसागर म्हणजे आपलं गंडीपेट. त्याच्या पाण्यावर आम्ही वाढलो. म्हणून पूर बरा झाला, असं मात्र कुणी म्हणू नये.)

तर माझी फांदी. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई मला 'वदिना' म्हणतात, म्हणजे वहिनी. त्या रात्री त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही तीन कुटुंबं मिळून अकरा जण होतो. वीज नाही, गॅसचा एकच सिलिंडर, तोही किती उरलाय ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार-साडेचारलाच त्यांची स्वयंपाकघरात खुडबुड सुरू झाली. मी म्हटलं, इतक्या लवकर कशाला? तर म्हणाल्या, "दिवस मावळला की तुम्ही जेवणार नाही ना!" आमचं अंथऊ त्यांनी बारा वर्षं जिन्यावरून येता-जाता पाहिलं होतं. मी कधी सांगितलं नव्हतं. पुळिहोरा केला होता, चिंचेच्या कोळाचा भात. शेजारी झाकलेल्या पातेल्यात आमच्यापुरतं उकळून गार केलेलं पाणी. अकरा माणसांच्या घरात, त्या एका सिलिंडरवर, दोन माणसांच्या नेमासाठी पाणी उकळलं होतं.

मी त्या भातावर रडले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता जेवत राहिले.

आईची वही गेली ती गेलीच. तिची कोरी पानं मी अजून टाकलेली नाहीत. दुकान पुढच्या वर्षी विकलं. ते सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही, मैत्रिणींनो, तुम्हीही मला म्हणायला लावू नका.

घर धुऊन-पुसून झाल्यावर त्यांचा स्टीलचा डबा परत द्यायचा होता. रिकामा कसा द्यायचा? मी शंकरपाळे घालून दिला. आठ दिवसांनी तो अरिसेलु घेऊन खाली आला. तेव्हापासून त्याचं वर-खाली चालूच आहे. झाकणाला पोचा आलाय, आता नीट बसत नाही. सध्या तो माझ्याकडे आहे, आणि उद्या चकलीची भाजणी दळून येईल.