येते म्हणाली, पण कधी?

भुशीत वाढलेल्या माणसाला थोड्या वेळासाठी आलेला पाहुणा नवा नसतो. इथलं धरण एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. वाफेची इंजिनं गेली, धरण राहिलं. आता पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं त्याच्या पायऱ्यांवर येऊन बसतं. चार तास भिजतं, माझ्या आईकडून कणीस नि भजी घेतं आणि ट्रॅफिकला शिव्या देत परत जातं. आमचं घर त्या चार तासांवर चालतं. म्हणून आलेल्याला ‘किती दिवस थांबणार?’ असं विचारायची आम्हाला सवयच नाही.

2016 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका चर्चचे चौदा जण दहा दिवसांसाठी मावळात आले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ओळखीतल्या एका पास्टरांना दुभाषा हवा होता आणि माझं इंग्रजी पर्यटकांशी बोलून बोलून सुटलेलं होतं. दिवसाला हजार रुपये, वर जेवण. आईने एकच विचारलं, “धर्म बदलायचं काही नाही ना?” नव्हतं. धर्मप्रचाराला यायचं तर वेगळा मिशनरी व्हिसा लागतो, तो यांच्याकडे नव्हता. पास्टरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, प्रार्थना आपापल्या खोलीत, बाहेर फक्त काम. काम म्हणजे डोंगराकडच्या एका वाडीतल्या दोन खोल्यांच्या शाळेला रंग द्यायचा आणि मुलांशी खेळायचं.

माणसं चांगली होती, हे आधीच सांगतो. पहाटे उठायची, डोळ्यांतून पाणी आलं तरी मिसळ संपवायची, कशालाच नाही म्हणायची नाहीत. त्यांच्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने या दहा दिवसांसाठी दीड वर्ष कॉफीच्या दुकानात काम करून पैसे जमवले होते. शाळेशेजारी राहणाऱ्या एका आजीशी तिचं विशेष जमलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. दोघी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसायच्या. मधे मी.

माझा काका लोणावळ्यात बंगल्यांना रंग देतो. त्या आठवड्यात त्याच्या हाताला काम नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी तो सहज माझ्याबरोबर वाडीवर आला. रंग निम्मा झाला होता. काकाने भिंतीवर तळहात फिरवला, नखाने थोडं उकरलं आणि म्हणाला, “ओल आहे रे. आधी खरवडायला पाहिजे, मग प्रायमर, मग रंग. असाच लावला तर पहिल्या पावसात पोपडे सुटतील. सांग त्यांना.”

त्यांचा लीडर हसतमुखाने माझ्याकडे बघत होता. हातात ब्रश, गालावर निळा ठिपका. मी म्हणालो, “काका म्हणतायत, छान झालंय.”

का म्हणालो? त्यांचा हिरमोड होईल असं वाटलं, हे खरं. दिवसाचे हजार रुपयेही डोक्यात होते, हेही खरं. काकाला इंग्रजी येत नाही, पण त्यांचे चेहरे खुललेले बघून त्याला काय ते समजलं. तो काही बोलला नाही, गाडीला किक मारून निघून गेला.

शेवटच्या दिवशी त्या मुलीने विचारलं, “निघताना तुमच्याकडे काय म्हणतात?” मी सांगितलं, ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा तिचे डोळे भरून आले. आजीचे हात धरून ती अगदी नीट म्हणाली, “आजी, येते.”

आजीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “येते म्हनती, पन कवा येनार? इचार तिला.”

आजूबाजूच्या बाया हसल्या. मुलीने विचारलं, “काय म्हणाल्या?” मी म्हणालो, “लवकर ये म्हणतायत.”

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. ऑगस्टमध्ये काका त्या बाजूला गेला होता, त्याने फोटो पाठवला. भिंतीचा निळा रंग मोठमोठ्या पापुद्र्यांनी लोंबत होता. फोटोखाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. कर्ट व्हर बीक नावाच्या अभ्यासकाने होंडुरासमध्ये 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर बांधलेल्या घरांचा अभ्यास केला होता. उत्तर अमेरिकेतून आलेल्या चर्चच्या गटांनी बांधलेलं एक घर प्रवासखर्च धरून साधारण 30,000 डॉलरना पडलं. स्थानिक संस्था तसंच घर 2,000 डॉलरमध्ये बांधत होत्या. वाचताना मला काकाची रिकामी दुपार आठवली आणि चौदा विमानतिकिटं.

पण पैशांपेक्षा मला दुसरंच काही टोचत होतं. महाराष्ट्रात आलेले पहिले अमेरिकन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. हॉल तरी राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या आणि 1826 मध्ये नाशिकहून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेले. सिंथिया फरार 1827 मध्ये आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये अहमदनगरलाच वारल्या. ते धर्मांतर घडवायलाच आले होते आणि ते लपवत नव्हते. त्यावर भांडायचं तर भांडता येतं. पण तेव्हाही भांडता येत होतं, कारण ते मराठीत ऐकत होते. तोंडावर ‘तुमचं चुकतंय’ म्हणणारा माणूस त्यांना कळत होता. दहा दिवसांच्या पाहुण्याला तो कळत नाही. त्याच्या नि गावाच्या मधे माझ्यासारखा कुणीतरी उभा असतो आणि प्रत्येक खरं वाक्य त्याच्यापाशी येऊन गुळगुळीत होतं.

एवढं लिहून थांबलो असतो तर सोयीचं झालं असतं. पण त्याच्या आदल्या वर्षी मी कॉलेजच्या एनएसएस शिबिरात सात दिवस दुसऱ्या एका वाडीवर होतो. शोषखड्डे खणले, स्वच्छतेवर पथनाट्य केलं, पोरांबरोबर फोटो काढले. तिथे दुभाषा लागत नव्हता. तरी खड्डे कुठे हवेत हे आम्ही कुणाला विचारलं नाही. निघताना आम्ही पन्नास जण एका सुरात ‘येतो’ म्हणालो. ती वाडी माझ्या घरापासून गाडीवर पाऊण तास आहे. मी अजून गेलेलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत काकाला म्हणालो, “शाळेची भिंत करून टाकू.” तो फक्त “पैसे?” म्हणाला. दुभाषेपणाचे पाच हजार शिल्लक होते. दोन दिवस आम्ही भिंत खरवडली. छतालगत पाणी झिरपत होतं ती चीर काकाने बुजवली, मग प्रायमर, मग रंग. काका मला सारखा ओरडत होता, ब्रश धरता येत नाही म्हणून.

आजी शेंगा घेऊन आली. “ती पोरगी न्हाय आली?”

“नाही आजी.”

“मग सांग तिला, रंग टिकला न्हाय म्हनून.”

त्या रात्री मी तिला फेसबुकवर मेसेज लिहिला. आजीचं वाक्य जसंच्या तसं. कवा येनार, हेही लिहिलं. भिंतीचा ऑगस्टमधला फोटो आणि आताचा, दोन्ही जोडले.

दोन दिवसांनी उत्तर आलं. खूप वाईट वाटतंय, असं तिने लिहिलं होतं. आणि खाली एक प्रश्न होता. तुझ्या काकांना हे काम येत होतं, ते तिथे आलेही होते, मग त्यांनी तेव्हाच आम्हाला का नाही सांगितलं?

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं, “त्यांनी सांगितलं होतं.”