पाठीमागची विहीर

अक्षर चांगलं असण्याचे तोटे असतात. नगरपंचायतीच्या सभागृहात फळ्यावर लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गावाचं नाव सांगत नाही. सिंधुदुर्गातलं, किनाऱ्याला लागून, सतरा वॉर्डांचं, एवढं पुरे. 'माझी वसुंधरा' अभियानाखाली गावाचा पर्यावरण आराखडा करायचा होता. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं, प्रत्येकाखाली कामं, प्रत्येक कामाला गुण. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलेली बाई म्हणून मला समितीत घेतलं होतं. पहिल्याच बैठकीत तेवीस कामं फळ्यावर चढली. पैसे आणि माणसं पाहता त्यातली तीन धड झाली असती. म्हणजे आमचं खरं काम वीस कामं पुसण्याचं होतं, आणि डस्टर हातात घ्यायला कुणी तयार नव्हतं.

सगळ्यात मोठा आवाज धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा. त्यात नवल नव्हतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून गेलं, तेव्हा सुरूची झाडं ओळीनं आडवी झाली आणि लाटा रस्त्यावर आल्या. मी म्हटलं, दगडाची भिंत घातली की लाट तिच्यावर आपटते आणि पायाशी असलेली वाळू ओढून नेते. भिंत जिथे संपते तिथल्या घरांना उलट जास्त मार बसतो. शिवाय रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला मोकळी वाळू लागते. दोन्ही टोकांना वीस-वीस माणसं दोर धरून मागे सरकत येतात, ती दगडांवरून कशी सरकणार? एक गृहस्थ उठले नि म्हणाले, "बाई, तुमचा घर पुढे असता तर तुमी असा बोलला असता काय?" नसते बोलले. आमचं घर तिसऱ्या ओळीत आहे. हा प्रश्न मला अजून टोचतो.

माझं स्वतःचं लाडकं काम कासवांचं होतं, हे कबूल करायला हवं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला केलेलं काम मी पाहिलं होतं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेनं चालू लागतात. एरवी हा उजेड समुद्रावरचा असतो. किनाऱ्यावर हॉटेलाचा हॅलोजन लावला की पिल्लं रस्त्याकडे जातात. मी हे सगळं सभेत रंगवून सांगितलं. फेब्रुवारी-मार्चात पर्यटक येतील, वर्तमानपत्रात फोटो येईल, हेही सांगितलं. मुख्याधिकाऱ्यांनी मान डोलावली. कासव फळ्यावर पहिल्या तिनात गेलं. दुसरं काम कचऱ्याचं. वेंगुर्ल्याचा कचरा डेपो आम्ही बघून आलो होतो. माणसं मुद्दाम जाऊन बघतील असा डेपो असू शकतो, यावर तिथे गेल्यावरच विश्वास बसला. तिसरी जागा बंधारा की कांदळवन, या वादात रिकामी राहिली.

'जल'च्या रकान्यात आम्ही लिहिलं होतं: शाळेच्या छतावरील पावसाचे पाणी साठवणे. एक ओळ. ती लिहून आम्ही पुढे गेलो होतो.

सभागृहात कोळणी येत नाहीत, म्हणून एक बैठक संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी किनाऱ्यावरच घ्यायचं ठरलं. बैठक कसली, होड्यांच्या सावलीत उभ्यानं बोलणं. बांगडे संपेपर्यंत आमच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मग एक मावशी टोपलीत उरलेल्या बर्फावर हात चोळत आली. मी फळ्यावरची यादी वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"कासवाक तुमी वाट करून देतास. बरा करतास," ती म्हणाली. "पण तुमच्या कागदार पाणी खय आसा? आमच्याकडे डाळ शिजत नाय. साबणाक फेस येत नाय. एप्रिल इलो काय पाणी मचूळ. आदी असा नव्हता."

डाळ शिजत नाही, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्याच घरात. माझ्या सासूबाई दोन वर्षं तेच म्हणत होत्या आणि मी त्यांना नवा कुकर आणून दिला होता.

पुढच्या रविवारी कॉलेजची चार मुलं, क्षारांचं प्रमाण मोजायचा एक खिशातला मीटर आणि वही घेऊन आम्ही वाडीतून निघालो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा काही पर्याय नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या बाजूच्या विहिरींत मीटर हजार ओलांडून पुढे पळत होता. मुलं गोंधळली. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी खारं कसं?

मग मला वाळूवर बसून तास घ्यावा लागला. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते थोडं हलकं असतं. ढोबळ हिशेब असा की, विहिरीतली गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर येऊ शकतं. पूर्वी रहाटानं ओढायचे तेव्हा एक फूट उतरायला दिवस लागायचा. आता प्रत्येक होमस्टेला मोटर आहे, प्रत्येक खोलीला शॉवर आहे, आणि पर्यटक नेमके एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे विहीर सगळ्यात खाली असते तेव्हा. एका मुलानं विचारलं, "बाई, तुमच्याकडेपण होमस्टे आहे ना?" आहे. दोन खोल्या. ह्यांनी निवृत्तीचे पैसे घालून बांधल्या.

मीटर फक्त क्षार सांगतो, घाण सांगत नाही. त्यासाठी छोट्या बाटल्या मिळतात. पाणी भरून ठेवायचं, मैलापाण्यातले जंतू असले तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. सगळ्या बाटल्या आमच्या पडवीत ओळीनं ठेवल्या, प्रत्येकीवर घराचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वात आधी काळी पडली ती आमच्या नावाची.

मी ती उचलून कपाटात ठेवली. दिवसभर ठेवली. संध्याकाळी मुलं वही घेऊन आली तेव्हा बाहेर काढली.

खोल्या बांधताना शोषखड्डा गवंड्यानं जिथे मोकळं दिसलं तिथे खणला होता. विहिरीपासून किमान पन्नास फूट, असं पुस्तकात असतं. वाळूत आणि जांभ्यात पाणी झरझर पाझरतं, म्हणून खरं तर त्याहून लांब हवा. मीच मुलांना हे शिकवत आले. टेप लावली तर बावीस फूट निघाले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, हे फार झालं.

पुढच्या बैठकीला मी ती काळी बाटली टेबलावर ठेवली आणि ती कुणाची हे सांगितलं. त्यानंतर बाकीच्यांना आपापल्या बाटल्यांबद्दल बोलणं सोपं गेलं. फळ्यावर पहिली जागा विहिरी आणि शोषखड्ड्यांना मिळाली: टाक्यांची नोंद, मैला उपसणारी गाडी शेजारच्या शहराबरोबर वाटून घेणं, छपराचं पाणी वाळू-खडीतून गाळून विहिरीत सोडणं. यातल्या एकाचाही फोटो चांगला येत नाही. कचरा दुसरा. कासव तिसऱ्या जागेवर राहिलं, तेही त्याला पैसे कमी लागतात म्हणून. हंगामात रात्री दिवे बंद करायचे आणि किनाऱ्यावर गाड्या उतरू द्यायच्या नाहीत, एवढंच. बंधारा यादीत नाही. ते गृहस्थ आता बाजारात मला बघून रस्ता ओलांडतात.

आमचा खड्डा मात्र अजून तिथेच आहे. आवार चिंचोळं आहे. आमच्या विहिरीपासून पन्नास फूट मोजत गेलं की टेप शेजाऱ्यांच्या विहिरीजवळ जाऊन थांबते, आणि त्यांच्यापासून मोजलं की आमच्या. एक खोली बंद ठेवली आहे, पिण्याचं पाणी उकळतो. परवा पावसात शेजारीण छत्री घेऊन आली, टेपचं एक टोक तिनं धरलं, एक मी. आम्ही फणसाच्या मागे, गोठ्याच्या जागेत, तुळशीच्या पलीकडे असं सगळीकडे मोजून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "दोघांचो मिळून एकच खड्डो केलो तर, रस्त्याच्या कडेक?" रस्ता नगरपंचायतीचा आहे. अर्ज मीच लिहिते म्हटलं, अक्षर चांगलं आहे.